चाँदरात झाल्यावर आकाश कोण बघतो?

आकाशात नवे काही सापडल्याची बातमी आली की आठवड्याच्या आत आपल्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. मागे गंभीर संगीत, पुढे नासाचे रंगीत चित्र आणि खाली ठळक ओळ: हे तर आपल्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे. सूरह तारिकमध्ये रात्री येणाऱ्या, अंधार भेदणाऱ्या ताऱ्याचा उल्लेख आहे. त्या एका उल्लेखावर आजवर किती वेगवेगळ्या शोधांच्या पाट्या लावल्या गेल्या, याचा हिशेब ठेवणे मी सोडून दिले आहे. हा आजार फक्त आपल्या घरचा नाही. शेजारीही जुन्या पोथ्यांत विमाने आणि अणुबॉम्ब सापडतात. पण शेजाऱ्याला ताप आहे म्हणून आपला ताप उतरत नाही.

व्हिडिओ पाठवणाऱ्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. ती श्रद्धा माझीही आहे. माझा प्रश्न वेगळा आणि साधा आहे. जे सापडले ते कोणाला सापडले, आणि त्या क्षणी तो काय करत होता? या प्रश्नाचे उत्तर गॅमा किरणांच्या स्फोटांच्या इतिहासात जितके स्वच्छ मिळते तितके क्वचितच कुठे मिळत असेल. आधीपासून पाहत असलेला आणि बातमी आल्यावर धावत आलेला, या दोघांतले अंतर इथे चक्क सेकंदांत मोजता येते.

आधी स्फोट म्हणजे काय ते पाहू. सूर्यापेक्षा कितीतरी जड असा एखादा तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःतच कोसळतो. त्याच्या पोटात कृष्णविवर तयार होते आणि कोसळणाऱ्या द्रव्यातून दोन बाजूंना दोन झोत सुटतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. त्यातला एक झोत योगायोगाने आपल्या दिशेला असला तर आपल्याला काही सेकंद किंवा काही मिनिटे गॅमा किरणांचा लखलखाट जाणवतो. आपला सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल, तेवढी ऊर्जा तिथे काही सेकंदांत मोकळी होते. मात्र गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणात अडतात, जमिनीवर पोहोचत नाहीत. म्हणून हजारो वर्षे माणसाच्या डोक्यावर हे स्फोट होत राहिले आणि कोणालाही पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो संशयामुळे. 1963 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार झाला. समोरचा चोरून चाचणी तर करत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले. 2 जुलै 1967 रोजी त्यांनी गॅमा किरणांची एक लाट नोंदवली. ती अणुबॉम्बची नव्हती. पृथ्वीवरून आलेली नव्हती, सूर्यावरूनही नाही. असे आणखी स्फोट नोंदले गेले आणि 1973 मध्ये लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट जगासमोर मांडली. एकमेकांवर पाळत ठेवायला लावलेल्या डोळ्यांना विश्वातली सर्वांत प्रखर घटना दिसली, हा विनोद माणसाने विसरू नये असा आहे.

पुढची पंचवीस वर्षे वाद चालला: हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की त्यापलीकडचे? 1991 मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरचे बॅट्से हे उपकरण दिवसाला साधारण एक स्फोट टिपत होते आणि ते आकाशाच्या सगळ्या दिशांना सारखे विखुरलेले होते. पण त्या उपकरणाची एक मर्यादा होती. स्फोट झाला हे त्याला कळे, नेमका कुठे झाला ते कळत नसे. जागेचा अंदाज कित्येक अंशांनी चुके. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, यावरून चूक किती मोठी ते लक्षात येईल. मोठी दुर्बीण आकाशाचा अगदी लहान तुकडा पाहते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात तिने शोधायचे तरी कुठे? आणि शोधेपर्यंत खेळ संपलेला.

इथे काही लोकांनी उलटा विचार केला. मोठी दुर्बीण नको, लहान हवी. खोल नजर नको, रुंद नजर हवी. आणि माणूस नको, कारण माणूस झोपतो, चहा प्यायला जातो, फोन उचलायला वेळ लावतो. उपग्रहाने स्फोट पाहिला की त्याची अंदाजे जागा इंटरनेटवरून काही सेकंदांत जगभर पाठवायची आणि ती मिळताच यंत्राने कोणालाही न विचारता मान वळवून फोटो काढायला सुरुवात करायची. मिशिगन विद्यापीठाचे कार्ल अकरलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस इथे असे यंत्र उभे केले. नाव रोत्से. त्यात काय होते? बाजारात मिळणाऱ्या कॅनन कंपनीच्या 200 मिलिमीटरच्या चार लेन्स, क्रिकेटच्या मैदानाबाहेर बसलेले फोटोग्राफर वापरतात तशा. प्रत्येकीच्या मागे एक डिजिटल कॅमेरा. चारही झटकन वळणाऱ्या एका मंचावर बसवलेल्या आणि मंच एका लहानशा खोलीच्या छतावर. चौघींची मिळून नजर 16 अंश लांब आणि 16 अंश रुंद, म्हणजे एका ओळीत बत्तीस चंद्र मावतील एवढी.

मार्च 1998 पासून हे यंत्र नियमित काम करू लागले. सूचना नसेल तेव्हा ते रिकामे बसत नसे; रात्रभर सगळ्या आकाशाची गस्त घालून फोटो साठवत राही. सूचना आली की त्या दिशेला वळे. अनेकदा वळले आणि काहीही दिसले नाही. त्याच्या आधी लिव्हरमोर इथे याच मंडळींपैकी काहींनी असाच प्रयोग केला होता, त्यालाही काही दिसले नव्हते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ‘काही दिसले नाही’ हेसुद्धा वेळ आणि मर्यादेसह नोंदवले जात होते, छापले जात होते. अमुक वेळी, अमुक जागी, अमुक तेजापेक्षा जास्त काही नव्हते, ही पण गवाहीच आहे.

मग 23 जानेवारी 1999 उजाडला. रमजान ईद होऊन तीन-चार दिवसच झाले होते. लॉस अलामोसला पहाटेचे पावणेतीन वाजले होते, आपल्याकडे ज्याला तहज्जुदची वेळ म्हणतात ती. बॅट्सेने स्फोट पाहिला, सूचना सुटली, रोत्सेने मान वळवली. स्फोट सुरू झाल्यापासून 22 सेकंदांनी पहिला फोटो निघाला. त्यात एक नवा ठिपका होता, सुमारे 11.7 प्रतीचा. पुढचा फोटो आणखी 25 सेकंदांनी. ठिपका 8.9 प्रतीवर पोहोचला होता, म्हणजे 25 सेकंदांत जवळजवळ तेरा पट तेजस्वी. तारेची प्रत जितकी लहान तितका तारा तेजस्वी, हे वाचकांना माहीत असेलच. नवव्या प्रतीचा तारा साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून दिसतो. मग तो उतरू लागला आणि दहा मिनिटांत 14.5 प्रतीपर्यंत मंदावला, शिखराच्या दीडशे पटींहून खाली.

काही तासांनी पालोमारच्या दुर्बिणीने तिथली मागे उरलेली झळाळी शोधली. हवाईतल्या केक दुर्बिणीने प्रकाशाचे पृथक्करण करून अंतर काढले. तो प्रकाश नऊ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करत आला होता. म्हणजे तो निघाला तेव्हा आपली पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. इतक्या दुरून आलेला पाहुणा दाराशी एखादे मिनिट थांबला आणि त्या मिनिटाला जागी होती ती चार लेन्सची एक लहान पेटी. त्या रात्री जगात मोठमोठ्या दुर्बिणी होत्या. त्या खूप काही पाहत होत्या, फक्त तिकडे पाहत नव्हत्या. त्यांनी नंतर जे पाहिले तेही मोलाचे होते, त्यांच्यामुळेच अंतर कळले. पण पहिला प्रकाश एकदाच येतो. तो नंतर कितीही पैसे टाकून विकत घेता येत नाही.

पहिल्या प्रकाशाचे एवढे काय, असे कोणी विचारेल. फरक असा आहे. नंतर उरणारी झळाळी म्हणजे झोत आजूबाजूच्या वायूवर आदळल्यावर पेटलेली आग. ती आजूबाजूच्या जागेबद्दल बरेच सांगते, पण खुद्द झोतात काय घडले ते सुरुवातीच्या सेकंदांत दडलेले असते. 1999 च्या स्फोटात दृश्य प्रकाशाची चढउतार गॅमा किरणांच्या चढउताराशी जुळली नाही. म्हणजे दोन्ही प्रकाश एकाच जागेतून निघत नव्हते. झोत आदळल्यावर त्याच्या उलट्या दिशेने, झोताच्याच पोटात शिरणारी धक्कालहर हा प्रकाश देत असावी, असा अर्थ त्यातून लावला गेला. अशा लहरीची शक्यता सिद्धांतात आधी मांडलेली होती. पण फोटो नसता तर ती कागदावरच राहिली असती.

दुसरा मोठा प्रसंग 19 मार्च 2008 चा. तो मला जास्त आवडतो, कारण त्यात सूचनेचीही वाट पाहावी लागली नाही. त्या रात्री आकाशात एक स्फोट झाला. चिलीच्या पर्वतांवरचे दोन रुंद नजरेचे कॅमेरे तिकडे वळले: लास कम्पानास इथला पोलंडच्या शास्त्रज्ञांचा ‘पाय ऑफ द स्काय’ आणि ला सिया इथला रशिया-इटलीचा ‘टोर्टोरा’. अर्ध्या तासाने त्याच भागात, पहिल्यापासून साधारण दहा अंशांवर, दुसरा स्फोट झाला आणि तो यांच्या नजरेच्या चौकटीतच होता. स्फोटाच्या आधीचे फोटो, स्फोटाच्या क्षणाचे फोटो आणि नंतरचे फोटो, सगळे मिळाले. पोलिश यंत्राने तर उपग्रहाची सूचना यायच्या आत नवा प्रकाश स्वतःहून ओळखला. तो 5.3 प्रतीपर्यंत चढला. म्हणजे अंधाऱ्या जागी उभ्या असलेल्या माणसाला तो अर्धा मिनिटभर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकला असता. साडेसात अब्ज वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश, नुसत्या डोळ्यांना! आणि या वेळी दृश्य प्रकाश व गॅमा किरण जवळजवळ एकत्र सुरू झाले आणि एकत्र संपले. 1999 ला जे दिसले त्याहून गोष्ट निराळी निघाली. एका नोंदीवर सिद्धांत पक्का करू नये, हे शिकवायला दुसरी नोंद लागते.

दोन स्वतंत्र डोळे, दोन वेगळी यंत्रे, दोन वेगळ्या टेकड्या आणि एकच गवाही. ईदच्या चाँदसाठी किमान दोन भरवशाचे साक्षीदार मागणाऱ्या आपल्याला तरी याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पोलंडच्या या कॅमेऱ्यामागे एका माणसाची जिद्द होती. बोहदान पाचिन्स्की हे प्रिन्स्टनला शिकवणारे पोलिश खगोलशास्त्रज्ञ. गॅमा स्फोट आपल्या आकाशगंगेबाहेर, अब्जावधी प्रकाशवर्षांवर होतात, हे त्यांनी 1986 पासून आग्रहाने मांडले, तेव्हा बहुतेकांना ते पटत नव्हते. त्यांचा दुसरा आग्रह असा की लहान, स्वस्त, स्वयंचलित दुर्बिणींनी सगळे आकाश सतत पाहत राहावे. मोठ्या दुर्बिणींच्या मोहात आपण आकाशाचा बहुतेक भाग बेवारस सोडला आहे. एप्रिल 2007 मध्ये ते वारले. त्यांच्या सांगण्यातून उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याने नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारा स्फोट टिपला तो अकरा महिन्यांनी. आपण लावलेल्या झाडाचे फळ आपल्यालाच मिळेल असे नाही, हे आपल्या बुजुर्गांनाही ठाऊक होते. म्हणून तर ते विहिरी खोदून वक्फ करून जात.

आता आपल्याकडे वळतो.

आपला समाज आकाशाकडे बघतो. नाही असे नाही. शाबानच्या 29 तारखेला बघतो, रमजानच्या 29 ला तर बघतोच. गच्चीवर गर्दी होते, मुले खांद्यावर बसतात, कुठे दिसला, कोणी पाहिला, कमिटीने काय जाहीर केले, यावर मध्यरात्रीपर्यंत फोन चालतात. एका गावात ईद आणि दहा मैलांवर रोजा, असेही होते. चाँद जाहीर झाला की गच्ची रिकामी होते आणि पुढचे अकरा महिने तिथे फक्त पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे असतात. उरलेल्या महिन्यांचे चाँद कोण बघतो? कोणी लिहून ठेवतो का, की अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक गावातून दिसला किंवा ढगांमुळे दिसला नाही? दरवर्षी वाद घालणाऱ्या आपल्याकडे त्या वादाच्या मुळाशी असलेल्या गोष्टीची वीस वर्षांची साधी वही नसावी, याचे मला वाईट वाटते.

एके काळी असे नव्हते. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी 964 मध्ये ताऱ्यांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात देवयानीतल्या एका लहानशा ढगासारख्या ठिपक्याची नोंद आहे. ती दुसरी आकाशगंगा होती हे कळायला पुढे साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ लागला. 1006 मध्ये आकाशात एक प्रचंड तारा फुटला. कैरोचे अली इब्न रिदवान तेव्हा कोवळे विद्यार्थी होते. त्यांनी तो पाहिला, शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा वाटल्याचे नोंदवले आणि त्या वेळी कोणता ग्रह कुठे होता तेही लिहिले. ग्रहांच्या त्या जागांमुळेच आजचे शास्त्रज्ञ त्या निरीक्षणाची तारीख काढू शकतात. हा तारा किताबात आधीच सांगितला होता, असे त्या तरुणाने लिहिले असते तर आज ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. त्याने आपण काय पाहिले ते लिहिले, म्हणून हजार वर्षांनीही त्याची गवाही चालते.

मग मध्ये काय झाले? एक उदाहरण पुरेसे आहे. 1577 मध्ये इस्तंबूलला तकीउद्दीन यांची वेधशाळा उभी राहिली, त्या काळातल्या उत्तम वेधशाळांपैकी एक. त्याच वर्षी मोठा धूमकेतू दिसला. तकीउद्दीन यांनी तो सुलतानासाठी शुभ असल्याचे भाकीत केले. पुढे रोगराई आली, दरबारात विरोधक वाढले आणि 1580 मध्ये ती वेधशाळा पाडण्यात आली. तोच धूमकेतू डेन्मार्कला टायको ब्राहे यांनीही पाहिला. त्यांनीही भाकिते केलीच. पण त्यांनी अंतरही मोजले आणि धूमकेतू चंद्राच्या पलीकडे असल्याचे दाखवले. त्यांची वेधशाळा पुढे कित्येक वर्षे चालली. त्या नोंदींवरून केप्लरने ग्रहांचे नियम काढले. फरक बुद्धीचा नव्हता, उपकरणांचाही फारसा नव्हता. एकाला पाहत राहू दिले, दुसऱ्याला दिले नाही.

आणि याच तुर्कस्तानात या शतकाच्या सुरुवातीला रोत्सेच्या पुढच्या पिढीतली एक दुर्बीण बसली. 45 सेंटिमीटर आरशाच्या चार स्वयंचलित दुर्बिणी पृथ्वीवर चार ठिकाणी ठेवल्या गेल्या: ऑस्ट्रेलिया, नामिबिया, टेक्सास आणि अंतल्याजवळच्या डोंगरावर तुर्कस्तानची राष्ट्रीय वेधशाळा. पाडलेली गोष्ट पुन्हा बांधता येते. मध्ये चारशे वर्षे जातात एवढेच.

चार ठिकाणी का, हेही समजून घेण्यासारखे आहे. 1999 चा स्फोट झाला तेव्हा भारतात दुपारचे सव्वातीन वाजले होते. 2008 चा झाला तेव्हा सकाळचे पावणेबारा. आपल्याला काहीच दिसले नसते, कितीही जागे असतो तरी. उलट अमेरिकेत दिवस असताना होणाऱ्या स्फोटांसाठी आपल्या बाजूचे डोळे लागतात. आकाशाची राखण एका देशाला जमत नाही, ती पाळीपाळीनेच करावी लागते. लडाखमध्ये हान्ले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, 2018 पासून एक 70 सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण हेच काम करते. ती बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून उभारली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेले आणि पुण्याच्या आयुकाचा हात लागलेले एक उपकरण 2015 पासून अॅस्ट्रोसॅट उपग्रहावरून गॅमा स्फोट टिपत आले आहे. हिंगोली जिल्ह्यात गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहायची आहे. त्या लहरींची जागाही आकाशात मोठ्या पट्ट्याएवढीच कळते, म्हणजे तिच्यासोबत पुन्हा रुंद नजरेच्या कॅमेऱ्यांची गरज. आणि हिंगोली म्हणजे काही परदेश नाही. परभणी, नांदेड, औरंगाबादच्या आपल्या पोरांना ती बसच्या अंतरावर आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. घर भाड्याने मिळत नाही, पोरगा बारावीनंतर गॅरेजवर जातो, मुलीचे शिक्षण दहावीला थांबते, अशा समाजाला तुम्ही अब्जावधी वर्षांपूर्वी मेलेल्या ताऱ्यांच्या गोष्टी सांगता? हो, सांगतो. कारण गरिबाला लेन्स परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी लग्नातल्या कॅमेऱ्यांची संख्या मोजावी. एका मध्यम लग्नात व्हिडिओ, ड्रोन आणि अल्बमवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात एका उर्दू हायस्कूलच्या गच्चीवर आकाशाचा कॅमेरा, एक संगणक आणि पावसापासून वाचवणारी पेटी बसते. उपग्रहांच्या सूचना आजही इंटरनेटवर सगळ्यांना फुकट मिळतात. त्या घेताना कोणी तुमचा धर्म, पिन कोड किंवा बँकेचा हप्ता विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेतले हौशी निरीक्षक बर्टो मोनार्ड यांनी 2003 मध्ये 30 सेंटिमीटरच्या दुर्बिणीने एका गॅमा स्फोटाची मागे उरलेली झळाळी शोधली. व्यावसायिकांच्या आधी.

शाळेच्या गच्चीवरचा कॅमेरा लगेच गॅमा स्फोट पकडेल, असे मी म्हणत नाही. बहुधा पकडणार नाही. तो उल्का पकडेल, चाँद पकडेल, ढग पकडेल आणि पुष्कळ रात्री काहीच पकडणार नाही. मला हवी आहे ती तीच ‘काहीच नाही’ची वही. जी मुलगी तीन वर्षे रोज रात्रीची तारीख, वेळ आणि आकाशाची स्थिती खरीखरी लिहील, दिसले तर दिसले आणि नाही तर नाही म्हणेल, तिला पुढे कोणी कोणता व्हिडिओ पाठवला तरी ती पहिला प्रश्न विचारेल: कोणी पाहिले, कधी, कुठून, आणि दुसरा साक्षीदार कोण? हा प्रश्न विचारणारी पिढी अफवेवर दगड उचलत नाही आणि अफवेला बळीही पडत नाही. आजच्या काळात महाराष्ट्रातल्या मुसलमानाला याहून उपयोगी शिक्षण कोणते, ते मला सुचत नाही.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला मी गेलो आहे, लोक प्रेमाने दाखवतात, समजावतात. तिथे आपली मुले मला फारशी भेटली नाहीत. त्यांना कोणी अडवलेले नाही. आपणच त्यांना सांगितलेले नाही की हेही आपले आहे. ज्या ताऱ्यांची नावे आजही जगभर अल्देबरान, अल्ताइर, फोमलहाउत अशी अरबीत घेतली जातात, ते तारे आपल्या पोरांना परक्यांचे वाटावेत, यात परक्यांचा दोष नाही.

आपली किताब आकाश आणि जमिनीवर, रात्र आणि दिवसाच्या फिरण्यावर विचार करायला पुन्हा पुन्हा सांगते. त्यातून शोधांची आयती यादी काढणे म्हणजे त्या सांगण्यातून पळवाट काढणे होय. पाहायला सांगितले आहे, तर पाहावे. मशिदींच्या कमिट्यांना, शाळांच्या विश्वस्तांना आणि दर ईदला चाँदवर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. येत्या मोहरमपासून आपल्या गावात बारा महिन्यांची वही सुरू करा. बाराही चाँद लिहा, ढगही लिहा. जमले तर गच्चीवर एक कॅमेरा लावा आणि रात्रभर चालू ठेवा.

आज निघालेला प्रकाश नव्हे, पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला प्रकाशही अजून वाटेत आहे. तो ज्या रात्री पोहोचेल ती रात्र चाँदरात असेलच असे नाही.